शुभाताईचे निळे बूट

रुचाचा डार्विनहून फोन आला तेव्हा मी इथे सिडनीत, टूनगॅबीच्या घरी मेथी निवडत बसले होते. रुचा म्हणजे शुभाताईची एकुलती एक लेक. "मावशी, आई is gone," एवढंच म्हणाली. शुभाताई गिरावीनला राहायची, माझ्यापासून गाडीने पाच मिनिटांवर. हॉस्पिटलही जवळच होतं. पण लॉकडाउनमध्ये आत कुणाला सोडत नव्हते, आणि अंत्यदर्शनही फोनच्या पडद्यावरच घ्यावं लागलं. आता महिना उलटून गेला. अजूनही संध्याकाळी तिच्या फोनची वाट पाहते.

काळजी करणं हा माझा जन्मजात धंदा, आणि शुभाताई माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं चित्र होतं. बेल्जियममधल्या कुठल्याशा गावातली उत्तर-गॉथिक इमारत. टोकदार मनोरे, दगडात कोरलेली नाजूक जाळी, कोनाड्याकोनाड्यात मूर्ती. "ते चर्च एकदा बघायचंय," हा तिचा कायमचा घोशा. रिटायर झाल्यावर मला घेऊन निघालीच, आणि नेमकं तेव्हाच करोनाने डोकं वर काढलं. त्या गावच्या जुन्या चौकात पोचलो त्या सकाळी माझा फोन सारखा वाजत होता. सगळं बंद होणार, विमानं रद्द होतायत, जिथे असाल तिथून परत फिरा. माझा जीव टांगणीला, आणि ही बाई इमारतीच्या पायऱ्यांपाशी वाकून बुटांच्या नाड्या सोडतेय! निळे बूट काढून तिने जोडीने ठेवले, टोकं रस्त्याकडे करून. ही तिची घरचीच सवय. निघताना पाय सरळ बुटात गेला पाहिजे, म्हणायची. मग नुसत्या मोज्यांनी त्या गारठलेल्या दगडावर उभं राहून तिने हात जोडले.

तोवर मी दाराजवळची पाटी वाचली होती.

"अगं शुभाताई, चर्च नाहीये हे! टाउन हॉल आहे. नगरपालिका!"

"असू दे. मूर्ती आहेत ना?" तिने डोळेही उघडले नाहीत.

"आणि मागितलंस काय?"

"दोघींना घरी पोचव म्हटलं."

"कुणाला म्हटलंस?"

"जो कोण ड्यूटीवर असेल त्याला."

मिळेल त्या विमानाने परतलो. वाटेत कुणी नुसतं खाकरलं तरी मी रुमाल नाकाशी दाबायची. नंतरचे दोन आठवडे तिच्याच घरात दोघींनी कोंडून घेतलं, मी दिवसातून दहादा कपाळाला हात लावून ताप बघायची. ती मात्र मैत्रिणींना फोनवर सांगायची, "नगरपालिकेने काम केलं हो, आणि तेही अर्ज न करता!"

पुढच्या वर्षीच्या थंडीत तिला धाप लागली. अँब्युलन्सवाल्यांनी तिला स्ट्रेचरवर तशीच मोज्यांवर नेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "वैजू, बूट दाराशीच राहिले गं. आणून दे. घरी येताना काय अनवाणी येऊ?" घरी यायचं बोलतेय म्हटल्यावर मला केवढा धीर आला! हॉस्पिटलच्या काउंटरवर पिशवी दिली. "No worries, love, I'll take it up," मास्कमागून बाई म्हणाली. मी कितीतरी वेळ पार्किंगमध्ये बसून होते, वरच्या खिडक्यांतली तिची कुठली असेल ते शोधत… संध्याकाळी ती बोलली, "मिळाले गं. पलंगाखाली ठेवायला लावलेत, टोकं दाराकडे." आवाज खोल गेला होता. आमचं तेच शेवटचं बोलणं.

गेल्या आठवड्यात रुचाला एकदाचं डार्विनहून येता आलं. हॉस्पिटलने तिच्या हातात आईच्या सामानाची पिशवी दिली. गिरावीनच्या घराचं कुलूप मी उघडलं. रुचाने पिशवीतून बूट काढले आणि दाराबाहेर ठेवले, आईसारखेच, टोकं रस्त्याकडे.

"She'd want them like that, no?"

"हो गं."

आत चित्र जागेवरच होतं. रुचाने चहा टाकला. मला काही केल्या बसवेना. आता कुठे निघायची घाई होती तिला? विमान नाही, अँब्युलन्स नाही, की माझी कटकट नाही. "आलेच," म्हणून मी बाहेर आले, खाली वाकले आणि बुटांची टोकं घराकडे वळवली.