परीक्षणाचा सत्कार

वाईट परीक्षण लिहून तुम्हाला काय मिळतं, हा माझ्या बायकोचा प्रश्न आहे, आणि तो ती नेमका मी लिहायला बसलो की विचारते. तिचं काही चुकत नाही. पुण्यात बसून कुणाचं पुस्तक झोडपणं सोपं. शिरूरमध्ये तोच लेखक दुसऱ्या दिवशी बँकेत माझ्या काउंटरसमोर उभा राहतो. एका कवितासंग्रहाला मी ‘घाईत काढलेला’ म्हटलं, तर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कवीच्या मेव्हण्यानं मला वांगी निवडू दिली नाहीत. “घ्या तशीच,” म्हणाला, “आमची बी घाईतच तोडल्यात.”

तरी मी लिहितो. चांगलं म्हणायला पुस्तक वाचावंच लागतं असं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाईट म्हणायचं तर मला शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं. बायकोला हे पटत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर दौंडच्या एका लेखकाचं पुस्तक हातात आलं. वडिलांवर लिहिलेलं. वडील रेल्वेत होते, दौंडच्या क्वार्टरमध्ये संसार झालेला. मी रविवारच्या पुरवणीत लिहिलं की ह्या पुस्तकातले वडील एकदाही चिडत नाहीत, एकदाही चुकत नाहीत, आणि असा बाप मी तरी पाहिलेला नाही. शिवाय मुलगा बारावीची परीक्षा देतो तिथून पुस्तक थेट त्याच्या नोकरीवर येतं. मधली वर्षं कुठं गेली? लेखकानं काहीतरी गाळलंय, आणि तिथंच पुस्तकातला जीव गेलाय.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. आता शिव्या बसणार, म्हणून मी फोन घेऊन अंगणात गेलो. तो म्हणाला, “सर, वरवंडला आमच्या गावी तुमचा सत्कार ठेवलाय.”

मी टाळलं. पुन्हा टाळलं. मग त्यानं आमच्या मॅनेजरसाहेबांना मध्ये घातलं आणि माझे दोर कापले गेले.

न्यायला तो स्वतःच गाडी घेऊन आला. न्हावरा मागं पडलं. शेवटी मला राहवेना. विचारलं, “परीक्षण वाचलंत ना?”

“वाचलं की सर. पण मी एकट्यानंच. घरी, गावात, पेपरात आलं एवढंच म्हायती हाय.” त्यानं गिअर बदलला. “आज तेवढं गोड बोला. आमचे आप्पा, म्हंजी वडील, पुस्तकाबद्दल अजून एक शब्द बोलले न्हाईत. हातात दिलं तर घेऊन आत गेले, बस. तुमच्या तोंडनं ऐकलं तर बोलतील, असं वाटतंय.”

ह्यावर नाही म्हणणारा माणूस मी नव्हे. गाडीतनं उतरून जाण्यासारखंही नव्हतं. चौफुला येईपर्यंत मी चार गोड वाक्यं जुळवून ठेवली आणि स्वतःवर चिडून बाहेरचा ऊस बघत बसलो.

वरवंडला हायवेलाच फ्लेक्स. त्यावर माझा हसरा फोटो, पुस्तकाचं मुखपृष्ठ, आणि ‘आपल्या लेखकाची पुण्याच्या पेपरात दखल!’ मंगल कार्यालयात गेल्या गेल्या मला फेटा बांधला. इतका घट्ट, की भुवया वर ओढल्या गेल्या. ऐन उन्हाळ्यात शाल आली, नारळ आला, गळ्यात हार पडला. स्टेजवरून खाली यायला एकाच बाजूला पायऱ्या, आणि तिथं फोटोग्राफर उभा. दोन वक्त्यांनी माझ्या ‘गौरवोद्गारां’बद्दल माझे आभार मानले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

समोर पहिल्या रांगेत आप्पा बसले होते. पांढरा शर्ट, गुडघ्यांवर हात, चेहऱ्यावर काहीही नाही.

सूत्रसंचालन गावातल्या शाळेचे मास्तर करत होते. आवाज भारदस्त, आणि त्याची त्यांना पुरेपूर जाणीव. “सर बोलण्याआधी,” ते म्हणाले, “सरांनी काय लिहिलंय ते मी आपल्याला वाचूनच दाखवतो.” त्यांनी फायलीतून पेपरचं कात्रण काढलं. लेखक अर्धवट उठला, पण मास्तर सुरू झाले होते.

पहिला परिच्छेद सभ्य होता, माझे पहिले परिच्छेद तसेच असतात. दुसऱ्यात मास्तरांचा आवाज उतरायला लागला, त्यांनीही ते आधी वाचलेलं नव्हतं, पण थांबायचं कुठं ते त्यांना कळेना. माझंच वाक्य माझ्याकडे येत होतं आणि मला फेट्यात घाम फुटला होता. पळून जावंसं वाटत होतं. “असा बाप मी तरी पाहिलेला नाही,” मास्तर कसंबसं वाचून गेले. “मधली वर्षं कुठं गेली?” इथं ते थांबले.

आप्पा उठले.

“वर्षं न्हाई, एकच साल हाय ते,” ते म्हणाले. माइक नव्हता, तरी मागपर्यंत ऐकू गेलं. “पोरगं बारावीला नापास झालं, तवा मी वरीसभर त्याच्याशी बोललो न्हाई. दोन खोल्यांचं क्वार्टर. त्याला भाकरी वाढायची तरी त्याच्या आईला सांगायचो.” मग स्टेजवरच्या लेकाकडे बघून, “का न्हाई लिहिलंस?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, आप्पा.”

“मग आत्ता काय बरं वाटतंय व्हय मला?”

आप्पांचा आवाज बारीक झाला. “दोनदा वाचलं मी तुझं पुस्तक. ते साल हुडकत हुतो. घावलंच न्हाई. मग काय बोलू?”

माझं भाषण कुणी मागितलं नाही. आभार उरकले, चहा आला, लोक खाली मान घालून पांगले. लेखक मला सोडायला म्हणून किल्ली घेऊन आला, पण बघत होता आप्पांकडे. मी म्हटलं, राहू दे, मी जातो वडापच्या जीपनं. चौफुल्याला उतरलो तेव्हा शेजारच्यानं सांगितलं, फेटा अजून डोक्यावरच आहे.

पण निघताना दारातून एकदा मागं पाहिलं होतं. रिकाम्या खुर्च्यांमध्ये दोघंच शेजारी बसलेले. आप्पा बोलत होते.