मंगळवारी लिहिलेला अर्ज

माझ्या थोरल्या भावाला सोमवारी दुपारी पोलिसांनी वावरातून जीपमध्ये घालून नेलं. जंगलातल्या बंदूकवाल्यांना त्यानं जेवू घातलं, असा संशय होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आदिलाबादकडच्या आमच्या सरहद्दीच्या गावांत असा संशय तेव्हा कोणावरही येई.

मी निर्मल गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते, संक्रांतीच्या सुट्टीत घरी आले होते. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, राज्यघटनेनं सरकारचे हात तिथे बांधले आहेत, हे मी परीक्षेत लिहून आले होते. मंगळवारी दुपार टळली, तरी त्याला कोर्टात नेलं नव्हतं. संध्याकाळी मी न्यायाधीशांच्या नावे अर्ज लिहिला आणि बाबांना वाचून दाखवला.

"हे काऊन करून राह्यली, माय?" बाबा म्हणाले. "कागद पायला का साहेब चिडन. पोरगं त्याच्याच हातात हाय."

"कायदा आहे, बाबा."

"असन. पन ठान्यात कायदा नाही बसत, साहेब बसते."

बाबा रोज भाकरीचा डबा घेऊन ठाण्यावर जात. भेटू देत नसत. फाटकावरचा शिपाई डबा घेई आणि थोड्या वेळानं घासून परत देई. "जेवला म्हने. डबाबी धुऊन देल्ला," बाबा समाधानानं सांगत. ज्यांनी आपली भाकर घेतली ते आपल्या पोराचा घात करणार नाहीत, असं त्यांना वाटे. मी अर्ज वहीतच राहू दिला. नियम इतका स्पष्ट होता, की तो आज ना उद्या आपोआप लागू होईल, असा माझाही समज होता.

गुरुवारी सकाळी डबा भरलेलाच परत आला. मी बाबांना न विचारता कोर्टाच्या गावची बस धरली. न्यायाधीशांनी अर्ज दोनदा वाचला.

"यावर तारीख परवाची आहे," ते म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे ठाण्याला हुकूम पाठवला.

शुक्रवारी दोन शिपायांनी त्याला धरून कोर्टात आणलं. त्याच दिवशी सोडलं. घरी येताना बाबांनी भाकरीचं विचारलं.

"कोनती भाकर?" तो म्हणाला. "काल दुपारपासून कोनं हात नाही लावला. कोर्टाचा कागद आल्ता म्हने."

त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं. भेटायला कोणी आलं, की तो कंबर धरून हसे. "माह्या बहिनीच्या नादी लागू नका. एका कागदात ठानेदार थंडा केला तिनं." अर्ज कधी दिला, असं कोणी मला विचारलं, तर तोच उत्तर देई, "लगेच देल्ला ना."

मी त्याचं बोलणं एकदाही दुरुस्त केलं नाही.

होळीच्या आठ दिवस आधी तो गेला. तेराव्याला आलेले लोक बाबांना म्हणत होते, पोरगी शिकली हे बरं झालं.