आठ वर्षांच्या जटा

परदेशात, युट्रेख्टला शिकत असताना एका सुरिनामी मैत्रिणीने दोन दिवस माझ्यामागे बसून माझ्या केसांचे ड्रेडलॉक्स केले. त्याला आठ वर्षं झाली. आई त्यांना जटाच म्हणायची, आणि घरी कुणी नातेवाईक आलेले असले की माझा व्हिडिओ कॉल घ्यायची नाही. तिला माझी लाज वाटते, असं मी धरून चालले होते.

गेल्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदाच इथे, नीउ-व्हेनेपला माझ्याकडे राहायला आली. तेव्हा माझी मान इतकी दुखत होती की सायकलवर मागे वळून पाहता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, केसांचं वजन कमी करून बघा. पण कात्री हातात घेतली की मी ती परत ठेवायचे. या देशात आल्यावर कुणालाही न विचारता मी केलेली ती पहिली गोष्ट होती.

डॉक्टरांचं म्हणणं ऐकून आई खूश होईल असं वाटलं होतं.

"माझ्या आत्याला जट होती," ती म्हणाली. "देवीची म्हणून कुणी कापू दिली नाही. लग्नही होऊ दिलं नाही. ती जेवायला बसली की मी मागून जट उचलून धरायचे, तेवढाच मानेला आराम. एकदा हळूच म्हणाली, काप गं. मी नऊ वर्षांची होते. घाबरून पळाले."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू हौसेने केलेल्या. त्यात तिला कशाला आणायचं? पण तुला बघितलं की ती दिसायची. नातेवाईकांनी बघितलं असतं तर तिचाच विषय काढला असता."

"मग कापू का?"

"ते तू ठरव. तिला कुणी विचारलंच नाही. ठेवल्यास तर मी धुऊन देईन."

रविवारी तिने खरंच धुतल्या. एकेक जट टॉवेलमध्ये पिळून, ड्रायरने सुकवत दुपार गेली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना हात लावला होता.

चार दिवसांनी मी ठरवलं. पुढच्या मी कापल्या. मागे हात पोचेना.

"मागच्या तू काप."

ओढ बसू नये म्हणून ती प्रत्येक जट डाव्या हातात पेलून धरत होती. डोक्यावर चार बोटं केस उरले आणि मला रडू आलं. आई रडली नाही. कात्री बाजूला ठेवून तिने माझी मान दाबायला घेतली.

"इथे दुखतं?"

"जरा खाली."