डाव्या कोपऱ्यातली फट

बसच्या भल्यामोठ्या काचा बसवण्यात काच्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे काच्याच म्हणत आणि त्यालाही ते आवडे. रबराच्या खाचेत दोरी ओवायची, काच चौकटीला टेकवायची आणि आतून दोरी ओढत रबराची कड चौकटीवर चढवत जायची. काच अशी बसे, की जणू तिथंच उगवलीय.

सासरी मात्र या कौतुकाला कुत्रं विचारत नव्हतं. सासरे बँकेतून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले. पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे जावईबापू. काचा बसवतात." आणि मग असे गप्प होत, की पाहुण्याला वाटावं, आता आपण सांत्वन करायचंय.

सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती. बुटकी, हिरवी, दोनच सीटची. बनवणारा कारखाना केव्हाच बुडाला होता. अशा गाड्या जगभरात मिळून थोड्याच उरलेल्या. हिच्या पुढच्या काचेच्या जागी पिवळी पडलेली प्लास्टिकची शीट होती.

"काचेला काय झालं होतं, मामा?" नवा जावई असताना काच्यानं विचारलं होतं.

"ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, दुसरं काय! माझ्या हातून या गाडीला ओरखडासुद्धा पडलेला नाही. आता जावईच काचवाला मिळालाय. बघू काही उजेड पडतो का."

झालं. काच्याच्या डोक्यात ती काच जाऊन बसली. ती मिळाली, की या घरात आपण माणसात येऊ, असं त्यानं मनोमन ठरवून टाकलं.

भंगारवाले पालथे घातले. ते हसले. एकानं भलत्याच गाडीची काच गळ्यात मारायला बघितली. मग इंटरनेटवर शोधता शोधता अशाच गाड्यांच्या मालकांचा एक गट सापडला. त्यांचा म्होरक्या परदेशातला एक दाढीवाला. सगळ्यांच्याच काचा जुन्या, धुरकटलेल्या; सगळेच नव्या काचेसाठी वखवखलेले! एक काच कारखाना काचा घडवायला तयार होता, पण एका काचेसाठी भट्टी पेटवणार नाही म्हणाला, सगळ्यांच्या एकदम घ्या. आणि साचा तुम्हीच द्या.

साचा कुठून आणायचा? नवी हातात येईपर्यंत आपली जुनी काच काढायला कुणीच तयार नव्हतं. काढताना तडकली तर? काचेवाचून रिकामी चौकट होती ती फक्त सासऱ्यांच्या गाडीला.

"तू यातलाच माणूस," दाढीवाला फोनवर म्हणाला. "तूच साचा घे. आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो."

"डोळे मिटून म्हणाला गं!" काच्या बायकोला सांगत सुटला.

"मग तू तरी उघडे ठेव," ती हसली.

त्यानं प्लास्टिकची शीट उतरवली, चौकट घासूनपुसून घेतली. फायबरचा साचा घेताना त्याच्या लक्षात आलं, डावा वरचा कोपरा उजव्यापेक्षा नखभर खाली आहे.

"मामा, गाडी कधी कुठं धडकली होती का?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, ही हातानं बनवलेली गाडी आहे. तुमच्या बसगाड्यांसारखी छापून काढलेली नाही. डावं-उजवं करत बसलात तर जन्म जाईल."

यात खोटं असं काही नव्हतं. हाताच्या कामात नखभर इकडेतिकडे होतंच. तरी दाढीवाल्याला एक फोन केला असता, तर त्याच्या चौकटीचं माप मिळालं असतं. काच्यानं केला नाही. सासऱ्यांनी सांगितल्यावर पुन्हा बाहेर विचारायचं, म्हणजे त्यांना खोटं पाडल्यासारखंच की!

काचा घडल्या, मालकांकडे रवाना झाल्या. सासऱ्यांच्या गाडीला काच पहिल्याच झटक्यात बसली. सासऱ्यांनी काच्याच्या पाठीवर थाप मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. शेजाऱ्यांना बोलावून आणलं. "जगात कुणाला जमलं नाही, ते आमच्या जावयानं करून दाखवलं!"

काच्या आठवडाभर जमिनीवर नव्हता. मग दाढीवाल्याचा फोन आला.

"डाव्या कोपऱ्यात फट राहतेय. दाबून बसवायला गेलो, तर तडकली."

पाठोपाठ दुसऱ्याची तडकली, तिसऱ्याची बसेचना. "आम्हा सगळ्यांच्या गाड्या वाकड्या," दाढीवाल्यानं विचारलं, "आणि तुमची तेवढी सरळ?"

काच्या तडक सासऱ्यांकडे गेला. गॅरेजात सासूबाई नव्या काचेवरून फडकं फिरवत होत्या.

"फार बरं केलंत हो," त्या म्हणाल्या. "यांनी गाडी गेटच्या खांबाला ठोकली तेव्हापासून त्या मेल्या प्लास्टिकमधून बघून बघून यांचे डोळे दुखायचे."

"कुठला खांब, आई?"

"आपलाच की. चौकट चेपली होती ना. डेंटिंगवाल्यानं ठोकून ठोकून..." आणि दारात नवरा दिसताच त्यांचं फडकं थांबलं.

"मामा," काच्या म्हणाला, "दाढीवाल्याशी एक वाक्य बोला. चौकट ठोकलेली होती, एवढंच. माझं नाव जातंय."

"माझ्या गाडीला बसली ना काच?"

"तुमच्या एकट्याच्याच गाडीला बसली, मामा."

 सासऱ्यांनी हात पुढे केला. "लावा फोन."

काच्यानं फोन लावून दिला. सासऱ्यांनी घसा साफ केला आणि ठेवणीतल्या साहेबी आवाजात म्हणाले, "नमस्कार. झालं ते वाईट झालं. पोरगा मेहनती आहे, पण अनुभव कमी पडला. मोठ्या मनानं समजून घ्या."

फोन परत काच्याच्या हातात आला. "तुझे सासरे सज्जन आहेत," पलीकडून दाढीवाला म्हणाला. "पुढचा साचा आम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी घेऊ."

घरी आल्यावर काच्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली आणि आईला फोन लावला. बाहेर काच्याला नुसते हुंकार ऐकू येत होते. ती परत आली आणि दोरीवरचे कपडे ओढून घड्या घालायला बसली.

"काय म्हणाल्या आई?"

"म्हणते, कुठला खांब? मला तर काही आठवत नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

तिनं त्याच्याच शर्टाची कॉलर नीट केली, घडी दाबून बसवली. "काच बसली ना रे बाबांच्या गाडीला? मग सोड ना आता."