सिन्जीकरणीचा दगड

"विळा भिंतीला टांगला, की त्याच दिवशी म्हातारा होतो."

सिन्जीकरीण हे वाक्य दिवसातून तीनदा तरी म्हणायची. कांद्याच्या वाफ्यात म्हणायची, नवऱ्याच्या श्राद्धाला म्हणायची. दवाखान्यात डॉक्टरने गुडघ्यांचा फोटो उजेडावर धरून "आता जपा, आजी" म्हटलं, तेव्हा त्याच्याही तोंडावर म्हणून आली.

तिचं कागदावरचं नाव कू मालसुन. पण आमच्या दालमे गावात सून जिथून येते त्याच नावाने ओळखली जाते, आणि ती चाळीस वर्षांपूर्वी सिन्जी बेटावरून होडीत बसून आली होती. तिच्या आणि माझ्या लाल मातीत एकच बांध. समुद्रावरून येणारा वारा आधी तिचे कांदे हलवतो, मग माझे. म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझा.

त्रेसष्टाव्या वर्षी, कांदे काढणीच्या तिसऱ्या दिवशी, वीस किलोची जाळीची गोणी उचलताना तिचा पाय मुरगळला. गोणी सुटली. कांदे गडगडत बांधापर्यंत गेले. सरपंच मो फानसू धावत आला. माणूस वाईट नाही. फक्त गावचा लाऊडस्पीकर त्याच्या ताब्यात असल्यामुळे त्याला हळू बोलायची सवय राहिलेली नाही.

"वहिनी! झालं आता तुमचं! सावलीत बसा, मुळं कापा!"

आणि त्याने तिच्या हातात गोल बैठक दिली. स्पंजची, पट्ट्याने बुडाला बांधायची. ती बांधली की बाई उठली तरी बैठक मागे लोंबते, बदकाच्या शेपटीसारखी. आमच्याकडे ती एकदा बांधली की गोणी उचलणाऱ्यांच्या रांगेत बाई पुन्हा दिसत नाही. सावलीत बसून कांद्याची मुळं कापते आणि कुणाच्या सुनेचं कुठे बिनसलं याची चौकशी करते.

सिन्जीकरणीने बैठक बाजूला ठेवली आणि गावच्या मोठ्या झाडाकडे बोट दाखवलं. झाडाखाली दगड आहे, भोपळ्यासारखा गोल, तांदळाच्या भरल्या पोत्याएवढा जड. पूर्वी सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला जो तो दगड उचलून झाडाला एक फेरी घाली, तो वर्षभर पूर्ण गडी. त्याला कुणी सावलीत बस म्हणायचं नाही. तीस वर्षं त्या दगडाला कुणी हात लावला नव्हता.

"पुढच्या पौर्णिमेला तो उचलला तर?"

"यंदाच्या?"

"यंदा नाही रे बाबा, पाय मुरगळलाय. पुढच्या वर्षीच्या."

सरपंच इतका हसला की त्याची टोपी पडली. "उचला! मरेपर्यंत गोण्या उचला मग! नाही जमलं तर कायमची सावली. कबूल?"

"कबूल."

पाय बरा झाल्यावर ती तालुक्याच्या जिममध्ये जाऊ लागली. मासळीबाजाराच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. जायला-यायला आणि व्यायामाला मिळून रोजचे दोन तास. तिथली वस्तादबाई सोन यंगा पन्नाशीची, एके काळची वजनं उचलणारी. दारातून जरा तिरकी होऊनच आत यायची. जिममध्ये सगळ्यांना नारिंगी सदरा आणि चड्डी मिळते. तो सदरा घालून सिन्जीकरीण पिकलेल्या नारिंगी पर्सिमॉन फळासारखी दिसायची.

वस्तादबाईने पहिले पंधरा दिवस तिला नुसती काठी उचलायला लावली.

"काठी मी घरीही उचलते, कुत्रं हाकलायला," सिन्जीकरीण म्हणाली.

"बूड मागे, काकू. पाठ सरळ."

"चाळीस वर्षं फुकटात वाकले, आणि सरळ व्हायचे पैसे?"

"हो. सरळ होणं महाग असतं. बूड मागे!"

गावात मात्र रोज संध्याकाळी झाडाखाली हाच विषय. दिवसभर कुदळ मारणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? सरपंच बोटांवर हिशेब करायचा: दोन तासांत तिळाच्या किती ओळी खुरपून होतात! मीही मान हलवायचो. कबूल करतो, मला ते खूळच वाटायचं. वेळ म्हणजे पाणी, आणि ही बाई ते मासळीबाजारावर ओतते आहे असं वाटायचं.

हिवाळ्यात एक गंमत झाली. जिममध्ये अखंड गरम पाणी असतं, ही बातमी फुटली. सरपंचाच्या बायकोने सगळ्यात आधी वर्षाचे पैसे भरले. मग तिच्यामागे आणखी सहा जणी गेल्या. लोखंडाला कुणी हात लावला नाही. टोपली, टॉवेल घेऊन जायच्या, एकमेकींची पाठ घासायच्या, लालबुंद होऊन घरी यायच्या. सकाळच्या बसचा ड्रायव्हर म्हणायचा, जाताना मुळ्याची टोपली नेतो, येताना गाजराची आणतो. पण बसमध्ये बसल्या बसल्या त्या सातही जणी सिन्जीकरणीच्या बाजूच्या झाल्या. पुढचा उन्हाळा आला, कांदे निघाले. पैजेचा निकाल लागेपर्यंत सिन्जीकरीण दात आवळून सावलीत बसली आणि मुळं कापत राहिली. सातही जणी आळीपाळीने तिच्या शेजारी येऊन बसायच्या आणि दिवस मोजायच्या.

पौर्णिमा उजाडली. झाडाखाली चटया आल्या, डुकराचं मांस शिजलं, तांदळाच्या दारूचा हंडा आला. वस्तादबाईही आली. सरपंचाने लाऊडस्पीकरवर तीन प्रयत्न जाहीर केले.

सिन्जीकरीण दगडापाशी उभी राहिली. बूड मागे, पाठ सरळ. हात दगडाला घातले, उचलला, आणि दगड साबणासारखा निसटून धप्पकन खाली बसला.

"एक!" लाऊडस्पीकर ओरडला.

मी जवळ गेलो. वास आला. बोट लावून चाटलं. तिळाचं तेल!

"याला तेल कुणी लावलं?"

सात जणींच्या माना खाली. शेवटी सरपंचीण म्हणाली, "पहाटे घासला. तीस वर्षांची घाण होती हो त्याच्यावर. मग लोखंडी कढईला लावतो तसं तेल लावलं, दोन हात. चमकायला नको? मानाचा दिवस!"

"घरचं तेल?" सरपंच किंचाळला. लाऊडस्पीकर चालूच होता, पलीकडच्या गावाने ऐकलं. "गेल्या वर्षीचं? पहिल्या दाबाचं?"

"पूर्ण बाटली," ती म्हणाली. त्यात थोडा अभिमानही होता.

तेल पुसून निघेना. दगडाने ते पिऊन घेतलं होतं. कुणीतरी म्हणालं, पीठ लावा. दुसरीने गव्हाचं पीठ आणून वर ओतलं. सिन्जीकरणीने पुन्हा मिठी मारली, आणि हाताला, गालाला, छातीला लगदा चिकटला. दगड वीतभर उठला आणि पुन्हा बसला.

"दोन!" पण सरपंच हसून इतका वाकला होता की आकडा अर्धाच ऐकू आला. "वहिनी, वर कांद्याची पात चिरा, भजी तळू!"

सगळी चटई हसून लोळत होती. वस्तादबाई हसत नव्हती. सिन्जीकरीणही नव्हती. तिच्या चेहऱ्यावर पीठ होतं आणि पिठात डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा होत्या. एकच प्रयत्न उरला होता. त्यानंतर सावली, मुळं आणि चौकशा.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग झाडाखालच्या उताराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या बांधाकडे. मग तिने दगड पायाने ढकलला. तो उतारावरून गडगडत माझ्या नांगरलेल्या वाफ्यात गेला. ती मागोमाग गेली आणि तिथल्या सुक्या लाल मातीत तिने तो उलटा-सुलटा घोळवला, तांदळाचा मऊ गोळा सोयाबीनच्या पुडीत घोळवतात तसा. तेल मातीने खाल्लं, पीठ मातीने खाल्लं. दगड खरखरीत, तांबडा, अगदी आमच्याकडचा दिसू लागला.

"जिममधल्यासारखा दांडा नाहीये त्याला, काकू!" वस्तादबाई वरून ओरडली. "आधी मांडीवर घ्या! मग पोटाशी! मग उभ्या राहा!"

ती खाली बसली. दगड मांडीवर आला. पोटाशी आला. आणि मग, देवाशपथ सांगतो, चाळीस वर्षं वाकलेली ती बाई ताडासारखी उभी राहिली. उतार चढून वर आली. झाडाला फेरी घातली. कुत्री भुंकत मागे, त्यांच्या मागे सात जणी नाचत, एकीने डोक्यावर रिकामा हंडा घेतलेला, वस्तादबाई रडत, मी काय करत होतो मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता.

तिने दगड हळूच जागेवर ठेवला. पाठ सरळ ठेवून.

सरपंचाने लाऊडस्पीकर बंद केला. दोन्ही हातांनी दारूचा वाडगा पुढे केला, थोरल्यांना देतात तसा. "पूर्ण गडी," तो म्हणाला. "माझ्या जिभेने सांगतो. पण वहिनी, एक विचारू? वर्षभर रोजचे दोन तास. एका दगडासाठी. परवडलं का हो?"

तिने वाडगा एका दमात संपवला. "फानसू, हे दोन तास मी कुठून काढले ठाऊक आहे? पूर्वी मला चटईवरून उठायला अर्धा तास लागायचा, बसायला अर्धा, आणि कण्हायला एक. आता एका दमात उठते. तो सगळा वेळ माझ्याकडे पडूनच होता."

सरपंचाने नकळत स्वतःच्या कमरेवर हात ठेवला.

"आता तरी घरी बसाल ना?" मी विचारलं. "जिंकलात की."

"आज जिममध्ये पायांचा दिवस आहे," ती म्हणाली आणि नारिंगी सदऱ्यावरची माती झटकली.

चारची बस तिठ्यावर दिसत होती. ती निघाली, कांद्याच्या रित्या वाफ्यांमधल्या वाटेने, लांब लांब पावलं टाकत. वस्तादबाईला तिच्या बरोबरीने चालण्यासाठी मधूनच पळावं लागत होतं. झाडाखालून सगळं गाव पाहत होतं. आणि सगळ्यात पुढे, मान उंच करून, बस वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत उभा होता मो फानसू.