साडूच्या जीपचे बोल्ट

माझ्या सासऱ्यांकडे शेंदूरजनाघाटला संत्र्याचा बगीचा आहे आणि एक जुनी जीप होती. बगीच्यावर माझा डोळा कधीच नव्हता. झाडांना पाणी घालायला लागणारी चिकाटी माझ्यात नाही. जीपवर मात्र तीस वर्षं होता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला ती चालवायला दिली, तेव्हापासून तिचा प्रत्येक खडखडाट मला ओळखता येत असे. मी अमरावतीच्या तंत्रनिकेतनात शिकवत होतो. कोणता धातू किती ताण सोसतो, हे पोरांना सांगणं हा माझा धंदा. त्यामुळे ही गाडी शेवटी आपल्याकडेच येणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. मागितली नाही. जावयानं मागू नये, असं मला वाटे.

माझ्या साडूला असं काही वाटत नाही. तो अकोल्यात बांधकामाचे ठेके घेतो. त्याच्या फाटकावर दोन सिंह आहेत आणि दोन्ही सिंहांच्या डोळ्यांत दिवे आहेत. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचा डोळ्यांचा त्रास वाढला आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. त्याच आठवड्यात साडू जेवायला बसला, भाकर मोडली आणि म्हणाला, "मामाजी, जीप मले देऊन टाका. नवी करतो."

"ने," मामाजी, म्हणजे आमचे सासरे, म्हणाले.

एवढंच. संध्याकाळी मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की जीप त्यालाच का.

"त्यानं मांगतली," ते म्हणाले. "तुमी मांगतली काय, जवाईबुवा?"

मी संत्रं सोलत बसलो.

पुढे सहा महिने साडूचे फोन. रंग कोणता मारू, हूड कापडाचं करू की रेक्झिनचं? प्रत्येक फोन माझ्या मनाला लागत असे आणि प्रत्येक फोनला मी सविस्तर उत्तर देत असे. शेवटी बोल्टांचा प्रश्न आला आणि त्यानं मला अकोल्याला बोलावलं. "साडूभाऊ, तुमी त बोल्टाचे मास्तर. या एक दिवस."

मिस्त्रीच्या शेडमध्ये जीप सांगाड्यावर आली होती. बाजूच्या घमेल्यात तिचे सगळे जुने बोल्ट काढून टाकलेले, गंजलेले, ग्रीसनं काळे. दुसऱ्या बाजूला साडूनं आणलेली थैली. त्यातले स्टेनलेसचे बोल्ट इतके चमकत होते, की लग्नात आहेर म्हणून देता आले असते.

"हे कधीच गंजत नाईत," साडू म्हणाला. "आयुष्यभर असेच रायतात."

मी भाषण सुरू केलं. जुन्या गाडीचा जीव तिच्या मूळ सामानात असतो. बोल्टाच्या डोक्यावरचा कारखान्याचा ठसा म्हणजे तिची ओळख. ती पुसली तर उरतो तो फक्त रंगवलेला पत्रा. बोलणं चांगलं झालं, मिस्त्रीनंही काम थांबवून ऐकलं. खरं कारण वेगळंच होतं. जीप होती तशी राहिली, तर ती मामाजींची राहणार होती आणि मामाजींची म्हणजे थोडी माझीही. चमकली की ती पूर्ण साडूची. माझ्या बऱ्याच तत्त्वांचं मूळ शोधायला गेलं, तर असंच काहीतरी सापडतं.

"बरं बोलता तुमी," साडू कौतुकानं म्हणाला. "पण लोकायले चमक दिसते, ठसा कोन पायते? हे जुने तुमाले आवडतात त घेऊन जा."

आणि मी ते घेऊन आलो. तेलाच्या डब्यात भरून, बसमध्ये पायांशी ठेवून. पंधरा दिवस गॅलरीत बसून एकेक बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशनं घासला. बायको कपडे वाळत घालायला आली की डब्याला वळसा घालून जाई. एकदा म्हणाली, "ताईकडे जीप, आपल्याकडे बोल्ट. बाबांनी वाटणी मस्त केली."

मग एका सोमवारी साडूचा फोटो आला. खरं तर अकरा फोटो. गाडी तयार झाली होती आणि येत्या रविवारी मामाजींना पुढे बसवून चिखलदऱ्याला न्यायचं ठरलं होतं. आम्ही दोघांनीही यायचं होतं. मी फोटो मोठे करून पाहू लागलो. चूक काढायला पाहत होतो, हे कबूल केलं पाहिजे. बॉनेटवर स्टेनलेस, ठीक आहे. काचेच्या चौकटीला, मडगार्डला, तिथंही काही बिघडत नाही. सातवा फोटो खालून काढलेला होता. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टांगलेले असतात, तिथंही तेच चमकदार बोल्ट. स्टेअरिंगच्या पेटीलाही तेच.

ते तिथं चालत नाहीत. स्टेनलेस गंजत नाही, पण त्या जागी लागणाऱ्या बोल्टाइतका ताण ते सोसत नाही. सपाट रस्त्यावर कदाचित वर्षभर काही होणार नाही. पाच माणसं घेऊन घाटात, खड्ड्यांत, वळणावर काय होईल, हे मी फळ्यावर काढून दाखवू शकलो असतो.

मी साडूला उत्तर पाठवलं, 'छान'.

त्याचं समर्थन मी चार दिवस स्वतःशी करत होतो. आपण सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नाही. मिस्त्रीला कळायला हवं. शिवाय आपण सांगायला गेलो, तर त्याला वाटेल हा जळतो. मनात मी एक चित्रही रंगवलं होतं. जीप रस्त्याच्या कडेला तिरकी उभी आहे, साडू कमरेवर हात ठेवून खाली वाकून पाहतो आहे आणि मी शांतपणे म्हणतो आहे, 'बोललो होतो.' त्या चित्रात गाडी नेहमी थांबलेली असे. ती थांबली कशी, याचा भाग मी वगळत होतो. पुढच्या सीटवर कोण बसलं आहे, हेही त्यात नव्हतं.

गुरुवारी दुपारी मामाजींचा फोन आला. ते फोन फारसा करत नाहीत.

"उनाची टोपी आणली मी," ते म्हणाले. "हूड काढून टाका म्हटलं त्याले. समोर बसतो म्हटलं. डोये गेले त काय झालं, हवा त लागते."

मी फोन ठेवला आणि बायकोला सातवा फोटो दाखवला. बोल्ट कुठले, काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"हे तुम्हाला आज समजलं?"

"सोमवारी."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "अकोल्याची सकाळची पहिली बस कितीची आहे?"

शुक्रवारी मी शेडमध्ये पोचलो, तेव्हा साडू गाडीला कापड मारत होता. मी डबा खाली ठेवला आणि सांगितलं, की पाट्यांचे आणि स्टेअरिंगचे बोल्ट आज काढायचे.

त्यानं कापड खांद्यावर टाकलं. "साडूभाऊ, राग नका मानू. पण जीप मले भेटली याचं तुमाले थोडं जळते ना?"

"जळते," मी म्हणालो. "पण बोल्ट काढ."

माझ्या होकारानं तो गडबडला असावा. वाद न घालता त्यानं मिस्त्रीला खूण केली. मिस्त्री आधीच जॅक घेऊन निघाला होता. "मी म्हटलं होतं सायबाले," तो खालून म्हणाला, "पन सायबाले सगळे एकसारखे पायजे होते." पाट्याचा एक बोल्ट त्यानं बाहेर काढला आणि फरशीवर लोळवला. तो सरळ लोळला नाही, डुलत गेला; मधोमध वाकला होता. शेडपासून साडूच्या घरापर्यंत आणि परत, एवढाच तो चालला होता, तोही रिकाम्या गाडीत.

साडूनं वाकून तो उचलला. "मामाजी समोर बसनार होते," तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

मी विजयानं माझा डबा उघडला. मिस्त्रीनं त्यातला, मी घासून लख्ख केलेला पाट्याचा मूळ बोल्ट उचलला, मधोमध अंगठा फिरवला आणि मला फिरवायला दिला. मधली जागा झिजून बारीक झाली होती. पंधरा दिवस घासताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी डोक्यावरचा ठसा पाहत होतो.

"हा बी नाई चालत," मिस्त्री म्हणाला. "सायबाचा चमकते, तुमचा म्हातारा झाला. गाडीले दोघायचंई काही घेनंदेनं नाई." मग त्यानं बाजारातून नवे काळे बोल्ट मागवले, जास्त ताणाचे, कुणाला दाखवावेत असे मुळीच नाहीत. ते बसवून होईपर्यंत आम्ही दोघं साडू एका बाकावर बसलो होतो.

"पण फोटो त मी सोमवारी पाठवले होते," साडू मध्येच म्हणाला.

"काल नीट पाहिले," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. त्याला ते पटलं. माझं खोटं इतक्या सहज पटावं, याचाच मला राग आला.

रविवारी शेंदूरजनाघाटच्या अंगणात जीप उभी राहिली आणि साडूनं सगळ्यांना गोळा करून, हात वर करून सांगितलं, "आज हे गाडी रस्त्यावर आहे ते साडूभाऊमुळं. माह्यी चूक होती. फोटो पायल्याबरोबर, हातचं काम टाकून, बसमध्ये बसून आले. मानूस असा असावा!" त्याच्या जागी मी असतो तर ही गोष्ट दाबली असती. त्यानं स्वतःची चूक अंगणात उभं राहून सांगितली, तीही मोठ्यानं. जीपचा हेवा मला सहज जमला होता. ह्याचा हेवा कसा करायचा, तेच कळेना.

"मंग आज त्यायले चालवू दे," मामाजी टोपी नीट करत म्हणाले.

मी चालवली. मामाजी शेजारी, हवेकडे तोंड करून. मागे दोघी बहिणी आणि साडू. मोर्शी गेलं, चांदूरबाजार गेलं. ज्या सीटसाठी मी इतकी वर्षं वाट पाहिली, तिथं बसून मी फक्त आरशात पाहत होतो. आरशात बायको होती, तिला सोमवार माहीत होता आणि ती माझ्याकडेच पाहत होती. परतवाड्याला चहाला थांबलो, तेव्हा साडू जवळ आला आणि आपल्याच गाडीची किल्ली माझ्याकडे मागत असल्यासारखा म्हणाला, "घाटात मी घेऊ का? तुमचं मन नसंल त राहू द्या."

त्याचं वाक्य संपायच्या आत मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"पाय," तो मेहुणीला म्हणाला, "गाडीवर येवढा जीव आहे, तरी एका शब्दात देल्ली. साडूभाऊचं मन लय मोठं आहे."

माझी बायको चहा पीत होती. तिला जोराचा ठसका लागला, ग्लासातला चहा पदरावर सांडला आणि ती इतकी हसायला लागली, की टपरीवरचे लोक वळून पाहू लागले. "काय झालं गं?" तिची बहीण विचारत होती. मामाजीही विचारत होते. ती कुणालाच काही सांगेना. नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती.