शेवटच्या मॅचच्या टाळ्या

माझ्या लहानपणचा लाडका बेसबॉल बॅटर गेला. काल स्टेडियममध्ये त्याच्यासाठी सगळे गप्प उभे होते, तेवढ्यात कुणीतरी भाजलेल्या शेंगांची पिशवी फोडली. तो खमंग वास नाकात शिरला आणि मला त्याची शेवटची मॅच आठवली.

आम्ही राहायचो त्या ट्रॉय गावाहून बाबा मला घेऊन आले होते. त्याच्या बॅटला एकही बॉल लागला नाही. मान खाली घालून तो परत निघाला, तेव्हा याच स्टँडमधल्या याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. शेंगांची टरफलं फेकली. नागपुरात क्रिकेट बघत वाढलेले बाबा मात्र उठून टाळ्या वाजवू लागले.

मागून कुणीतरी खेकसलं, "सिट डाउन!"

बाबा बसले नाहीत. मला म्हणाले, "अगं, एवढी वर्षं खेळलाय तो. जाताना टाळ्या नकोत?"

आणि काल हीच मंडळी डोळे पुसत होती! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी सरळ खाली बसले.

शेजारचा माणूस कुजबुजला, "प्लीज, स्टँड अप."

मी उठले नाही. तो बॅटर जिवंतपणी बघू शकत होता, तेव्हा आमच्या घरचं माणूस उभं होतं.